अंतरपाट निघतो आणि फ्लॅश उडत नाही

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची तक्रार एकच असते, सांगणारे बदलतात. लातूरचा असो, हिंगोलीचा असो की गेवराईचा, वाक्य ठरलेलं: "सर, दिवसभर चांगला चालला, पण ऐन हार घालायच्या टायमाला फ्लॅश उडंना गेला." आणि त्याला जोडूनच, "आता मोठा घ्यावं म्हणतो. कोणता घेऊ?"

या दोन वाक्यांच्या मधलं सगळं तपासायचं राहून जातं. मोठा फ्लॅश येतो, पुढच्या लग्नसराईत पुन्हा तेच होतं, आणि मग कंपनीला शिव्या बसतात. बिघाड बहुतेक वेळा फ्लॅशच्या ताकदीत नसतोच. तो सेलमध्ये असतो, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच) असतो, मेनूत असतो, नाहीतर मांडवाच्या कापडात असतो. हे आधी शोधलं तर नवा फ्लॅश घ्यायचा की नाही ते कळतं, आणि घ्यायचाच असेल तर त्यात नेमकं काय बघायचं तेही त्याच शोधातून बाहेर येतं. म्हणून खरेदीचं शेवटी बोलू.

आधी टेस्टचं बटण

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. एम (मॅन्युअल, म्हणजे ताकद हातानं ठरवायचा) मोड लावा, पॉवर १/१, म्हणजे पूर्ण, करा आणि मागचं टेस्टचं बटण दाबा. उडाला की मोबाइलच्या स्टॉपवॉचवर रेडी लाइट परत लागेपर्यंतचा वेळ मोजा. चांगल्या रिचार्जेबल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला हा वेळ अडीच-तीन सेकंद लागतो, लिथियम पॅकवाल्याला साधारण दीड. सहा-सात सेकंद लागत असतील तर प्रश्न विजेचा आहे, पुढचा सेलचा भाग नीट वाचा. वेळ बरोबर आहे पण कॅमेऱ्यावर लावल्यावर उडत नाही, तर प्रश्न शू, पिन किंवा मेनूचा. आणि घरी दोन्ही ठीक चालतं, फक्त लग्नात अडतं, असं असेल तर कारण बहुधा खालच्या तीन भागांत सापडेल.

टेस्टच्या बटणावरही उडत नसेल, नवे सेल घालूनही आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत नसेल, तर मेकॅनिककडे द्या. स्वतः खोलू नका. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या घरातला व्होल्टेज असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ तसाच राहतो. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांना हे एकदा कळतं, पण कळायची पद्धत वाईट आहे.

मंगलाष्टका चालू, फ्लॅश झोपलेला

हे कारण सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येतं, म्हणून आधी घेतो.

बहुतेक फ्लॅश साधारण दीड मिनिट काही हालचाल झाली नाही की आपोआप झोपतात. आता आपल्याकडचा क्रम बघा. मुहूर्त साडेबाराचा, प्रत्यक्षात दोन वाजतात, तोवर स्टेजवर सत्कार. मग नवरा-नवरी पाटावर, मध्ये अंतरपाट, आणि मंगलाष्टका सुरू. भटजींनंतर मामा एक म्हणणार, आत्या एक म्हणणार, शेजारच्या गावचे गुरुजी स्वतः रचलेली दोन म्हणणार. तुम्ही दोन-चार फोटो घेऊन जागा धरून उभे राहता, कारण आता हललात तर मामांचा फेटा आडवा येणार. या उभं राहण्यात दीड मिनिट कधीच निघून जातं. "सावधान" होतं, अंतरपाट निघतो, तुम्ही एकदम पूर्ण बटण दाबता, आणि फोटो काळा. फ्लॅश जागा होतो, चार्ज होतो, तोवर हार गळ्यात पडलेले असतात.

उपाय फुकट आहे. फ्लॅशच्या कस्टम सेटिंगमध्ये ऑटो पॉवर ऑफ बंद करा. त्यात सेल थोडे जास्त खर्च होतात, होऊ द्या. सेटिंग सापडत नसेल तर शेवटच्या मंगलाष्टकेपासून शटरचं बटण अधूनमधून अर्धं दाबत राहा. कॅमेरा जागा राहिला की फ्लॅशही जागा राहतो. ट्रिगर (कॅमेऱ्यापासून लांबचा फ्लॅश रेडिओनं उडवणारं यंत्र) वापरत असाल तर ट्रिगर आणि फ्लॅश दोघांचंही सेटिंग बघा, कारण झोपतो तो बऱ्याचदा ट्रिगर.

सेल: निम्म्याहून जास्त तक्रारी इथे मिटतात

फ्लॅशला एका झटक्यात भरपूर करंट लागतो. सेलवर किती व्होल्ट लिहिलेत यापेक्षा तो करंट किती पटकन देऊ शकतो हे महत्त्वाचं. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा, म्हणून अल्कलाइन भारी असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. अल्कलाइनचा आतला रोध जास्त असतो; पहिल्या काही उड्या बऱ्या जातात, मग चार्ज व्हायचा वेळ चार, सहा, आठ सेकंद असा वाढत जातो. रिचार्जेबल शेवटपर्यंत जवळजवळ सारखा वेग देतो आणि मग एकदम बसतो. एसटी स्टँडवरच्या टपरीत मिळणारे साधे पेन्सिल सेल तर रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळासाठी आहेत. फ्लॅशमध्ये ते घालणं म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला लुना जोडणं.

आता वरच्या सत्काराकडे परत या. आपल्याकडच्या मोठ्या लग्नात सरपंचापासून कारखान्याच्या संचालकापर्यंत सगळ्यांना शाल, फेटा, नारळ असतो, आणि प्रत्येकाचा फोटो पाहिजे असतो. यातला एकही फोटो अल्बममध्ये जात नाही, पण सेल तिथेच संपतात. हार घालायची वेळ येते तेव्हा फ्लॅशमध्ये जीव उरलेला नसतो. म्हणून नियम करा: सत्कार संपला, नवरी स्टेजकडे निघाली, की सेल बदलायचे. सेल संपले आहेत का, हे बघत बसायचं नाही. बदलायचेच.

त्यासाठी चार-चार सेलचे किमान तीन संच पाहिजेत, आणि प्रत्येक संचावर मार्करने अ, ब, क लिहिलेलं पाहिजे. अ मधला एक सेल ब मध्ये गेला की दोन्ही संच बिघडतात, कारण चारांत जो सगळ्यात अशक्त तो बाकी तिघांना खाली ओढतो. एनेलूपसारखे कमी गळतीचे सेल घ्या. ते चार्ज करून महिनाभर बॅगेत ठेवले तरी बहुतेक चार्ज शिल्लक असतो. २००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये मावणाऱ्या विजेचं माप) चांगल्या कंपनीचा सेल हा ४६०० लिहिलेल्या अनोळखी सेलपेक्षा केव्हाही जास्त चालतो. पेन्सिल सेलच्या आकारात ४६०० एमएएच मावतच नाही, तो आकडा छापणाऱ्याच्या मनातला आहे.

चार्जरकडे कुणी लक्ष देत नाही. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल जोडीनं चार्ज करतो. जोडीतला एक आधी भरला तरी दोघांवरची वीज चालूच राहते, किंवा एक रिकामा असतानाच दोघांचीही बंद होते. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला चार्जर घ्या. आणि लग्नाच्या आदल्या रात्रीवर विसंबू नका. गावाकडं रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कमी गळतीचे सेल दोन दिवस आधी भरून ठेवले की तो घोर मिटतो.

मे महिना आणि थांबलेला फ्लॅश

सेल नवे, रेडी लाइटही वेळेवर लागत होता, आणि अचानक फ्लॅश सावकाश झाला किंवा पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह आलं. हा बिघाड नाही. फ्लॅश तापला आहे आणि स्वतःला वाचवतो आहे. गोडॉक्स कंपनीच्या व्ही ८६० मार्क टू या फ्लॅशच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की फुल पॉवरवर लागोपाठ ३० उड्यांनंतर किमान १० मिनिटं विश्रांती द्या. इतर कंपन्यांचेही असेच नियम आहेत, काहींचे यापेक्षा कडक. हायस्पीड सिंक (शटर फार वेगात असतानाही फ्लॅश चालवायची सोय) लावला असेल तर हा आकडा आणखी खाली येतो.

हे आकडे घरातल्या हवेचे समजा. परभणी-नांदेडला मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, वर पत्र्याचं शेड, शेजारी व्हिडिओवाल्याचा लाइट. त्यात सत्काराला फुल पॉवरवर तीस काय, शंभर उड्या होतात. फ्लॅशनं हात टेकले तर नवल नाही.

त्याला ओल्या रुमालात गुंडाळणं, कुलरसमोर धरणं असले प्रकार करू नका. पॉवर कमी करा. १/१ वरून १/४ वर आलात की प्रत्येक उडीला लागणारी ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते, उष्णता आणि चार्जिंगचा वेळ दोन्ही त्याच हिशोबात उतरतात. फोटो अंधारणार नाही, कारण आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) ४०० वरून १६०० केला की तेवढाच उजेड भरून निघतो. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्याचा १६०० आयएसओ १२ बाय ३६ च्या अल्बमला पुरतो. तरी लोक आयएसओ ४०० च्या वर जात नाहीत, रीळाच्या जमान्यातली भीती अजून गेली नाही.

लिथियम पॅक मात्र बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हानं फुगलेला पॅक फ्लॅशमध्ये घालायचा नाही, चार्जही करायचा नाही.

मांडवाचं कापड प्रकाश खातं

इथे थोडा हिशोब करू, कारण "मोठा फ्लॅश घेऊ का" या प्रश्नाचं खरं उत्तर या हिशोबात आहे.

डब्यावर लिहिलेला गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० हा मीटरमध्ये, आयएसओ १०० ला आणि फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम केल्यावरचा असतो. तुम्ही लग्नात २४-७० ची लेन्स लावून ३५ वर फोटो काढता, तेव्हा तोच फ्लॅश ३५-३६ च्या आसपासचा उरतो. गाइड नंबर भागिले अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं आहे त्याचा आकडा) म्हणजे अंतर. ३६ भागिले ५.६ म्हणजे साडेसहा मीटरच्या आत-बाहेर, आयएसओ १०० ला, सरळ तोंडावर. आयएसओ ८०० केलात तर हाच नंबर जवळजवळ १०० होतो. तीन मीटरवरच्या जोडप्याला एफ ५.६ वर मग १/३२ पॉवर पुरते. म्हणजे सरळ मारायला कुठलाही फ्लॅश पुरतो. ताकद लागते ती छतावरून उजेड परतवताना.

समजा कार्यालयाचा पांढरा स्लॅब १२ फुटांवर आहे आणि जोडपं तीन मीटरवर. उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत साधारण पाच मीटर प्रवास करतो. तेच मांडवाचं छत २० फुटांवर असेल तर प्रवास नऊ मीटरच्या वर जातो. अंतर जेमतेम दुपटीच्या आसपास वाढलं, पण उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणून लागणारी ताकद साडेतीन पट झाली. स्लॅबखाली १/८ ते १/४ वर भागणारा फ्लॅश मांडवात १/२ वर गेला. वर ते पांढरा स्लॅब नसून पातळ कापड. निम्मा उजेड तर त्यातून आरपार आकाशात जातो. झाला फुल पॉवर. मग तापणं आलं, सेल संपणं आलं, चार्जला उशीर आला, आणि ऐन वेळी "उडंना गेला".

शिवाय रंग. मरून-सोनेरी पडद्याखाली परतवलेला उजेड नवरीच्या तोंडावर मरून होऊनच येतो. व्हाइट बॅलन्सनं (कॅमेऱ्यातल्या रंग दुरुस्तीच्या सेटिंगनं) तो निघत नाही, कारण मागच्या बाजूला रंग वेगळा असतो.

तेव्हा मांडवात वर तोंड करून फ्लॅश मारायचा नाही. दोन रस्ते आहेत. एक, फ्लॅश सरळ ठेवा पण कमी पॉवरवर: आयएसओ १६००, शटर १/१००, अॅपर्चर ४, आणि मांडवातल्या लाइटनं बराचसा फोटो भरून घ्या, फ्लॅश फक्त डोळ्यांखालची सावली काढायला. मांडवात पिवळे हॅलोजन असतील तर फ्लॅशवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, नाहीतर माणसं पांढरीफटक आणि मागचं सगळं पिवळं येतं. फ्लॅशचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास, हॅलोजनचा ३२०० च्या. दुसरा रस्ता, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून छोट्या छत्रीसह मदतीच्या पोराच्या हातात द्या, ट्रिगरनं उडवा. दीड-दोन मीटरवरून मारलेला १/१६ सुद्धा देखणा येतो. पोरगा मात्र जेवणाच्या पंगतीकडे लक्ष नसणारा निवडा.

पांढरी प्लॅस्टिकची टोपी उघड्या मांडवात लावून काही मिळत नाही. ती उजेड चहूकडे उधळते, आणि परत आणायला तिथे भिंतच नसते. उजेड मात्र दीड-दोन स्टॉपनं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो. घरातल्या हळदीला, लहान पांढऱ्या खोलीत, ती उपयोगी आहे.

कॅमेऱ्यावर लावला की उडत नाही

फ्लॅश शूमध्ये पूर्ण पुढे सरकवला आहे का, खालचं चाक किंवा खटका बसला आहे का, हे आधी. मग शूचे पितळी ठिपके बघा. घाम, हळद, भंडारा, वरातीतला गुलाल, सगळं तिथे जाऊन बसतं. पेन्सिलचा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुगा फुंकून टाका, किंवा कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. सॅंडपेपर नको.

मग मेनू. फ्लॅश फायरिंग डिसेबल झालंय का? मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का? त्यात बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्लॅश उडतच नाही, आणि सकाळी पूजेच्या वेळी कुणीतरी ते चालू केलेलं असतं. कॅननच्या डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो काढत असाल आणि फ्लॅश दुसऱ्या कंपनीचा असेल, तर सायलेंट लाइव्ह व्ह्यू शूटिंग बंद केल्याशिवाय तो उडत नाही.

आता एक गोष्ट जी दुकानदार सहसा सांगत नाही. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या स्वस्त कॅमेऱ्यांच्या शूवर मधला मोठा ठिपका नसतो. साधा मॅन्युअल फ्लॅश आणि साधा ट्रिगर त्या मधल्या ठिपक्यावरच चालतो. त्यामुळे तो या कॅमेऱ्यांवर कितीही पुसला तरी उडणार नाही, आणि फ्लॅशमध्ये काही दोषही नसतो. तालुक्याच्या गावी नव्यानं धंद्यात पडणाऱ्या पोरांकडे नेमके हेच कॅमेरे असतात. तुमच्या शूकडे आत्ता बघा. मध्ये ठिपका नसेल तर त्या मॉडेलला चालतो असं कंपनीनं लिहून दिलेलाच फ्लॅश किंवा ट्रिगर घ्यायचा, तोही दुकानात तुमच्या कॅमेऱ्यावर उडवून बघून.

सोनीवाल्यांसाठी: २०१२ पासूनच्या मल्टी इंटरफेस शूला पुढच्या बाजूला बारीक पिनांची रांग असते. फ्लॅश तिरका घुसवला की ती वाकते. सरळ सरकवा, ओढताना हलवू नका.

अर्धा फोटो काळा

शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅश नीट चालतो त्या कमाल वेगाच्या, पुढे गेलाय. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक १/२०० किंवा १/२५० असतो, काहींचा १/१६० च. कंपनीचा टीटीएल (ताकद आपोआप ठरवणारा) फ्लॅश शूवर असेल तर कॅमेरा स्वतःच शटर पुढे जाऊ देत नाही. मॅन्युअल फ्लॅश किंवा साधा ट्रिगर असेल तर कॅमेऱ्याला पत्ताच नसतो. ट्रिगर वापरताना १/१६० वर राहा, प्रश्न मिटला. दुपारी उन्हात नवरदेवाच्या मिरवणुकीचे फोटो काढताना हायस्पीड सिंक लावता येतो, पण त्यात ताकद दोन स्टॉप किंवा जास्त जाते. तेवढ्यासाठी सावलीत उभं करणं बरं.

आपोआप उडतो, आपल्या वेळी झोपतो

नवरीकडचा फोटोग्राफर वेगळा, नवऱ्याकडचा वेगळा, आणि दोघांकडेही एकाच कंपनीचा ट्रिगर. दोघांचंही चॅनल १, कारण डब्यातून तसंच आलंय. मग तो बटण दाबतो आणि तुमचा फ्लॅश उडतो. तुमचे सेल त्याच्या फोटोसाठी संपतात, त्याच्या फोटोत तुमचा उजेड घुसतो, आणि दोघंही आपापल्या फ्लॅशला दोष देतात. लग्नाच्या आधी दोन मिनिटं बोलून चॅनल वाटून घ्या. गोडॉक्समध्ये ३२ चॅनल आहेत आणि त्यावर १ ते ९९ पर्यंतचा आयडी लावता येतो, भांडायचं कारणच नाही.

रेडिओऐवजी ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की उडायचा मोड), म्हणजे एस १ किंवा एस २, चुकून लागला असेल तर कुणाच्याही फ्लॅशनं तुमचा उडेल. पाहुण्यांतल्या हौशी माणसाच्या हातातल्या छोट्या कॅमेऱ्यानंही.

उलट प्रकारही होतो: फ्लॅश अगदी हाताशी असतो आणि ट्रिगरला दाद देत नाही, लांब नेला की उडतो. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये अंतराचं सेटिंग असतं, ते ० ते ३० मीटर करा.

उडतो, पण कधी अंधार कधी पांढरं

हा टीटीएलचा स्वभाव आहे. फ्लॅश आधी एक बारीक उडी मारतो, परत येणारा उजेड कॅमेरा मोजतो आणि सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून ताकद ठरवतो. समोर पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेली पाच पाहुणे मंडळी उभी असली की कॅमेरा घाबरून ताकद कमी करतो. तिथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक १ करा. काळी शेरवानी असेल तर उणे.

अक्षतांचं वेगळं आहे. लेन्सजवळून उडणारे तांदूळ फ्लॅशमध्ये ठळक पांढरे ठिपके होऊन चमकतात, टीटीएल ते मोजतो आणि मागचं जोडपं काळं होतं. होमाचा धूर, हळदीची भुकटी, सगळ्यांचं तेच. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकेला फ्लॅश मॅन्युअलवर टाका. जोडपं हलणार नाही, तुम्ही हलणार नाही, अंतर ठरलेलं. एक फोटो आधी काढून ताकद बसवून ठेवा. आधीची उडी नसल्यानं डोळे मिटलेले फोटोही कमी येतात.

आता घ्यायचा कोणता

वरचं सगळं करून झालं आणि तरी कमी पडतंय, किंवा मुळात पहिलाच फ्लॅश घ्यायचा आहे, तर गाइड नंबर शेवटी बघा. पूर्ण आकाराच्या सगळ्याच फ्लॅशची ताकद एकमेकांच्या जवळपास असते. फरक पडतो तो चार्ज व्हायच्या वेगात, किती उड्या मिळतात त्यात, आणि गावाकडं तो किती दिवस चालू ठेवता येतो त्यात.

फक्त कॅमेऱ्यावर लावून लग्न काढणार असाल तर टीटीएल पाहिजेच. स्टेजवर माणसं पुढे-मागे होतात, दर वेळी ताकद फिरवत बसायला वेळ नसतो. गोडॉक्स टीटी ६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश स्वस्त आणि दणकट आहे, आतच रेडिओ रिसीव्हर आहे, पण तो दुसरा फ्लॅश म्हणून घ्या, पोराच्या हातात द्यायला. पहिला टीटी ६८५ सारखा टीटीएलवाला असू द्या, आणि डब्यावर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं अक्षर बरोबर आहे हे बघा. निकॉनचा टीटीएल फ्लॅश कॅननवर टीटीएल चालत नाही.

पेन्सिल सेल की लिथियम पॅक, हा खरा निर्णय. चार सेलवाल्या टीटी ६८५ चा कंपनीचा आकडा फुल पॉवरच्या २३० उड्यांचा आणि अडीच सेकंदांच्या वरच्या चार्जिंगचा. लिथियमवाल्या व्ही १ किंवा व्ही ८६० मार्क थ्रीचा ४८० उड्यांचा आणि दीड सेकंदाचा. सीझनमध्ये एका दाट तिथीला सकाळी एक आणि गोरज मुहूर्तावर दुसरं लग्न करत असाल तर लिथियमला पर्याय नाही. सत्कार कितीही लांबला तरी हारांपर्यंत पॅक पुरतो. पण पॅक आत्ताच दोन घ्या. दोन-तीन वर्षांनी पहिला पॅक बसतो तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीही नेमका तोच मिळेल याची खात्री नसते. संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवावा लागतो, आणि तिथ काही थांबत नाही.

महिन्याला दोन-चार ऑर्डर, बाकी वाढदिवस आणि बारसं, असं काम असेल तर माझं मत पेन्सिल सेलवाल्याच्या बाजूनं. उरलेले पैसे तीन संच सेल आणि चांगल्या चार्जरवर घाला. सेल अडले तर कुठल्याही गावात निदान अल्कलाइन तरी मिळतात आणि वेळ निभावून जाते.

गोल डोक्याचा फ्लॅश फक्त गोल आहे म्हणून घेऊ नका. उजेडाच्या कडा थोड्या मऊ पडतात आणि चुंबकानं जेल चिकटवता येतात, एवढंच. छतावरून परतवलेल्या उजेडाला गोल-चौकोनी काही कळत नाही. कंपनीचे स्वतःचे, म्हणजे कॅनन-निकॉनचे फ्लॅश उत्तम आहेत, पण त्या पैशात दोन गोडॉक्स आणि एक ट्रिगर येतो. लग्नाच्या कामात हाताशी दुसरा फ्लॅश असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायला जाणार म्हणून फ्लॅश घेत असाल, तर थांबा. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश मारायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तिथे उघडं अॅपर्चर आणि स्थिर हात.

जुना घेताना दुकानातच फुल पॉवरवर दहा उड्या मारून बघा आणि चार्जचा वेळ वाढत जातोय का ते मोजा. पुढचं प्लॅस्टिक आतून तपकिरी किंवा वितळल्यासारखं दिसत असेल तर त्यानं आधीच्या मालकाकडे बरेच सत्कार केलेले आहेत. डोकं वळवून, वर-खाली करून प्रत्येक जागी एकदा उडवा. आतली वायर अर्धवट तुटलेली असेल तर ठरावीक कोनातच उडत नाही. वर्षभर कपाटात पडून असेल तर कपॅसिटर सुस्त झालेला असतो, दहा-बारा उड्यांनी तो सुधारतोही. स्वतःचा फ्लॅशही पावसाळ्यात असाच महिन्या-दोन महिन्यांनी उडवत राहा, आणि ठेवताना सेल काढून ठेवा. आणि एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओतला रीळाच्या काळातला फ्लॅश कुणी फुकट देत असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर तसाच चढवू नका. त्यातल्या काहींच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. मेकॅनिककडून मीटर लावून तो मोजून घ्या, तुमचा कॅमेरा किती सोसतो ते त्याच्या पुस्तिकेत बघा, आणि जमत नसेल तर फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर लावून कॅमेऱ्यापासून लांब वापरा.